रोजची एक जानेवारी

ज्याने बिघडवलं तोच फोन करून दुरुस्ती कशी करायची ते मला शिकवायला लागला, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या दिवशी असाच एक फोन आला. म्हणे, मावशीकडे एक कॉम्प्युटर आहे, जुना डबा, फॅक्टरी रिसेट मारून कोरा करून द्या, मीच केलं असतं पण मला वेळ नाही. आत काही ठेवण्यासारखं आहे का, असं मी विचारलं. तर म्हणाला, काका त्यावर बोलायचे, ते आता बंद पडलंय. कोणाशी बोलायचे? मावशीशी. आणि मावशी कुठे असते? त्याच घरात. मला काही उलगडा होईना. पत्ता लिहून घेतला आणि त्याचं पुढचं शहाणपण सुरू व्हायच्या आत फोन ठेवला.

पत्ता घड्याळजींच्या घराचा होता. काच कापणाऱ्याचं दुकान, त्याच्या पुढे कपड्यांना इस्त्री करणारा, आणि मग एक बुटकं दार. पुढची खोली म्हणजे पूर्वीचं दुकान. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घड्याळं भिंतींवरून कोणी उतरवली नव्हती. मी आत गेले तेव्हा दुपार झाली होती की सकाळच अजून संपली नव्हती, हे त्या खोलीत सांगणं कठीण होतं. एका घड्याळात चार वाजत आले होते, त्याच्या शेजारच्यात नुकतंच उजाडलं होतं, आणि दारावरचं मोठं घड्याळ सावकाश बाराचे ठोके देत होतं. खिडकीच्या जाड काचेतून पिवळट ऊन येऊन टेबलावर पसरलं होतं. मी माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि खरं सांगते, क्षणभर मला माझ्याच घड्याळाची खात्री वाटेना.

घड्याळजी काका टेबलाशी बसले होते. गळ्याभोवती मऊ रुमाल बांधलेला. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचा आवाज कायमचा गेला होता. काकू आतून आल्या त्या भिंतीला बोटं लावत. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू खाल्ली होती, आता फक्त दिवा चालू की बंद एवढं कळायचं. म्हणजे काकांना बोलता येत नव्हतं आणि काकूंना दिसत नव्हतं. काकांनी कागदावर लिहावं तर काकूंना वाचता येत नाही, हातवारे करावे तर ते दिसत नाहीत. दोघांच्या मध्ये जो काय धागा होता तो त्या टेबलावरचा कॉम्प्युटर.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पुरेसा अवधी दिला होता. तेव्हा काका ह्याच खोलीत बसून, माइकपुढे एकेक शब्द वाचत राहिले होते. एका छोट्या कंपनीचा प्रोग्रॅम होता. तो ते शब्द जपून ठेवायचा, आणि नंतर काकांनी काही टाइप केलं की तेच शब्द जोडून त्यांच्याच आवाजात बोलून दाखवायचा. ती कंपनी केव्हाच बंद पडली. प्रोग्रॅमची सीडी नाही की काही नाही. आणि आठवड्यापूर्वी भाचेबुवा पेन ड्राइव्ह घेऊन अवतरले. आवाज आणखी खणखणीत करतो म्हणाले. आवाज चालवणारा नवा ड्रायव्हर टाकला, वर सफाई करणारा एक प्रोग्रॅम टाकला, आणि त्या सफाईने जुन्या प्रोग्रॅमचे निम्मे तुकडे कचरा समजून झाडून टाकले. नसती उठाठेव म्हणतात ती हीच. तेव्हापासून घर मुकं. काका टेबलावर एकदा ठोकायचे म्हणजे हो, दोनदा ठोकायचे म्हणजे नाही. आठवडाभर संसार चालला होता तो एवढ्यावर.

मी कॉम्प्युटरची पेटी उघडायला बसणार, तेवढ्यात काकूंनी मला पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात बोलावलं. पाणी त्यांनी दिलंच नाही. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की भाचा आला त्या दिवशी सकाळी दोघांची भांडाभांडी झाली होती. कशावरून ते त्यांना आता आठवतही नव्हतं. पण रागाच्या भरात त्या बोलून गेल्या होत्या की हा तुमचा आवाज नाही, यंत्राचा आहे, बंद करा तो डबा. काका काहीतरी टाइप करायला लागले, बटणांची टकटक त्यांना ऐकू आली, आणि तेवढ्यात भाच्याने दार वाजवलं. त्यानंतर आवाज नाही तो नाहीच.

“मी म्हटलं आणि गेला बघ,” त्या म्हणाल्या. “रागावलात का, असं विचारलं की दोनदा ठोकतात. पण पोरी, ठोकण्यावरून काय कळणार? लाकडावर खोटंही ठोकता येतं. मला फक्त ऐकायचंय, ते रागावलेत की नाही. ते आवाजात कळतं.”

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, नवरा-बायकोची भांडणं नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिऱ्हाइकांना मी ते येता-जाता ऐकवते. त्या दिवशी गिळलं. बघते, एवढंच म्हणाले आणि पुढच्या खोलीत आले.

डबा सुरू होतानाच कुरकुरला. वेळ चुकली आहे, तारीख चुकली आहे, वगैरे. जुन्या मशिनांची ही कुरकुर माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की हातांनी आपोआप तारीख नीट केली आणि डोक्याला पत्ताही लागू दिला नाही. मग मी प्रोग्रॅम शोधला. काकांनी वाचलेले शब्द सगळे जागच्या जागी होते. पण ते उघडायची किल्ली त्या प्रोग्रॅमकडेच होती, आणि त्याचेच तुकडे झाले होते. वर्षानुवर्षांचा आवाज तिथे पडून होता आणि त्यातलं एक अक्षर बाहेर काढता येत नव्हतं.

अशा वेळी एकच उपाय असतो. कॉम्प्युटरमध्ये नवीन काही शिरायच्या आधी तो स्वतःच आपल्या अवस्थेची एक खूण करून ठेवतो. रिस्टोअर पॉइंट म्हणतात त्याला. काही बिनसलं की त्या खुणेपाशी मागे जाता येतं. मध्ये जे शिरलं ते निघून जातं, जे गेलं ते परत येतं, आणि आपण लिहिलेलं-साठवलेलं तसंच राहतं. माणसांना अशी सोय नाही, आणि नाही तेच बरं, नाहीतर प्रत्येक जण सारखा मागेच जाऊन बसला असता. मी काका-काकूंना हे समजावून सांगितलं आणि खुणांची यादी उघडली.

यादीत एकच खूण होती. तिच्यावरची तारीख एक जानेवारी, आणि साल इतकं जुनं की तेव्हा काकांचा घसा ठणठणीत होता आणि तो बोलणारा प्रोग्रॅम जन्मालाही आला नव्हता. कारखान्यातून आलेलं काहीतरी राहून गेलं असणार. तिथे परत जाऊन उपयोग काय? मग मी कमीत कमी गोष्टींवर मशीन चालवणारा सेफ मोड करून पाहिला, पुसलेल्या फायली धुंडाळल्या, सफाईवाल्या प्रोग्रॅमच्या पोटात हात घालून पाहिला. त्याने तुकडे नुसते टाकले नव्हते, ते पार मिटवले होते. मी हात टेकले. मध्येच भाचेबुवांचा फोन, झालं का म्हणून. मी फोन उचलून टेबलाच्या खणात टाकला.

शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. आता उरतं ते फॅक्टरी रिसेट. सुरू होताना एक बटण दाबायचं, की हा डबा दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा होणार. काकांचे शब्द मी बाजूला काढून ठेवीन, पण ते उघडणारं कोणी नसेल. बोलणारे नवे प्रोग्रॅम मिळतात, त्यात तयार आवाज असतात, चांगले असतात. हे सगळं सांगताना माझं मलाच ऐकवेना. काकू म्हणाल्या, परक्या माणसाशी मी काय बोलू? घड्याळं आपापल्या वेळेला चालत होती. मग काकांनी टेबलावर ठोकलं. एकदा.

एकदा म्हणजे हो. करून टाका कोरा. काकूंचा चेहरा असा उतरला की मला तिथे बघवेना. त्यांना वाटलं, इतके रागावलेत की आपल्याशी बोलायचीच इच्छा नाही. आणि मी काकांच्या समोर बसले होते म्हणून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यात राग शोधूनही सापडला नसता. तिला तो आवाज नको आहे, तिने स्वतःच सांगितलंय, मग ठेवायचा कशाला, असं साधं दुखावलेपण होतं. मला दोघांचाही भयंकर राग आला. इतकी वर्षं संसार करून एकमेकांच्या एवढ्याशा गोष्टी कळू नयेत? पण मी कोण सांगणार, आणि मी सांगितलं असतं तरी ते माझ्या आवाजात गेलं असतं.

काकू चहा टाकायला गेल्या. हातांना सगळी भांडी ठाऊक होती, पण त्या दिवशी आतून दोनदा काहीतरी पडल्याचा आवाज आला. चहा आला. मी कप हातात घेऊन भिंतींकडे बघत बसले. एक लंबक डावीकडे, एक उजवीकडे, एक मध्येच कुठेतरी. ऊन टेबलावरून सरकून माझ्या गुडघ्यावर आलं होतं. त्या टिकटिकीने डोळे जड व्हायला लागले आणि माझी चिडचिडही वाढली. काहीतरी बोलायचं म्हणून मी जरा तडकूनच विचारलं, ह्यातलं बरोबर असं एक तरी घड्याळ आहे का.

“सगळीच बरोबर आहेत,” काकू म्हणाल्या. “घड्याळाला काय ठाऊक किती वाजले ते. आपण सुरू करू तिथून ते बिचारं मोजत जातं. ह्यांनी ज्याला जेव्हा किल्ली दिली तिथून ते चालू झालं. आमच्याकडे कोणी घड्याळाशी वाद घालत नाही.”

कप माझ्या ओठापाशीच राहिला. आपण सुरू करू तिथून ते मोजत जातं. मी विचारलं, काकू, ह्या खोलीची वीज कधी बंद करता का? त्या म्हणाल्या, रोज. दुकान होतं तेव्हा एकदा डाग द्यायची सोल्डरिंगची सळई चालू राहिली आणि टेबल जळालं. तेव्हापासून दुपारी आडवं होताना आणि रात्री निजताना ह्या खोलीचा मेन स्विच त्या बंद करतात. दुकान गेलं, सळई गेली, सवय राहिली.

मी कपाळावर हात मारून घेतला. कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. वीज गेली तरी तारीख-वार लक्षात ठेवायचं काम त्या सेलचं. तो मेला की वीज परत येते तेव्हा यंत्राला काहीच आठवत नाही, ते कारखान्यात भरलेल्या पहिल्या तारखेपासून पुन्हा मोजायला लागतं. म्हणजे काकू रोज स्विच बंद करायच्या आणि रोज चालू करायच्या, आणि हा डबा रोज त्याच जुन्या सालच्या एक जानेवारीला जागा व्हायचा. बाहेर ऋतू बदलत होते, काकूंची नजर जात होती, काकांचा आवाज गेला, पण ह्याची रोज तीच एक पहाट. दुपारनंतर पुन्हा तीच. भाचेबुवा पेन ड्राइव्ह घेऊन आले तोही ह्याच्या लेखी एक जानेवारीच होता. ती खूण कारखान्यातली नव्हती. आठवड्यापूर्वीची होती. ड्रायव्हर आत शिरायच्या क्षणभर आधीची.

मी हे सांगितलं तेव्हा काकांचे खांदे हलायला लागले. आधी मी घाबरले, मग कळलं की हसताहेत, बिनआवाजाचं. त्यांना ती तारीख रोज दिसायची. काकूंनी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? टेबलावर एक ठोका. मग सांगितलं का नाही? त्याला उत्तर ठोक्यात देता येण्यासारखं नव्हतं. काकांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे हात केला आणि खांदे उडवले. मी काकूंना सांगितलं की ते भिंतीकडे बोट दाखवताहेत. काकू म्हणाल्या, दाखवणारच.

मी पेटी उघडून तो मेलेला सेल काढला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला, डोळ्याला भिंग लावलं, उलटासुलटा करून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. उठून एक खण ओढला. तिथे कागदात गुंडाळलेले तसलेच सेल ओळीने होते. एक निवडला, चिमट्यात धरला, आणि माझ्या खांद्यावरून वाकून खटकन जागेवर बसवला. मला हातसुद्धा लावू दिला नाही. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते.

लगेच सगळं सुरळीत झालं असतं तर मी ह्या धंद्यात म्हातारी कशाला झाले असते. तारीख पुन्हा भरली, खुणेवर बोट ठेवलं, मागे जा म्हटलं, डबा बराच वेळ घुमला आणि म्हणाला, जमलं नाही, काहीही बदललेलं नाही. का जमलं नाही हे सांगायची पद्धत ह्या यंत्रांत नाहीच. पण मला संशय होता. तो सफाईवाला प्रोग्रॅम राखणदारासारखा बसला होता, कोणत्याही फायलीला हात लावू देत नव्हता. तो जागा व्हायच्या आधीच काम उरकायला हवं होतं. म्हणून मी मशीन बंद करून रिकव्हरीच्या पडद्यावर उघडलं. तो पडदा सगळ्यांच्या आधी उठतो, राखणदारही तेव्हा झोपलेला असतो. खूण दाखवली. पडद्याने बजावलं की एकदा सुरुवात झाली की मध्ये थांबवता येणार नाही, आणि वीज गेली तर यंत्र उठेल याची खात्री नाही. मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंनी मान डोलावली. मी हो म्हटलं.

मग वाट बघणं. पडद्यावर गोल ठिपके एकामागून एक फिरत होते. मागे नेतो आहे, एवढंच लिहिलेलं. ऊन माझ्या मांडीवर होतं, घड्याळं चालली होती, आणि मला काही सुचेनासं झालं. डोळे मिटले की उघडे होते, सांगता येत नाही. मला दिसलं की कपातल्या चहाची वाफ खाली उतरतेय. भाचेबुवा पाठमोरे दारातून बाहेर निघालेत, पेन ड्राइव्ह परत खिशात घालताहेत. काकूंचं ते वाक्य परत त्यांच्या तोंडात गेलं आणि त्यांनी ते गिळून टाकलं. तिथेच थांबायचं होतं, पण ते थांबलंच नाही. काकांच्या गळ्यावरचा रुमाल सुटला. जळक्या टेबलाचा डाग पुसत गेला. दुकानाचं दार उघडलं, आतून काका हाक मारताहेत, बत्ती बंद कर गं, आणि दारात एक बाई उभी आहे, ती त्यांच्याकडे बघतेय. नुसती बघतेय. डोळे भरून. मला त्या खोलीत इतकं बरं वाटत होतं की मी तिथून हललेच नसते.

आणि टेबलावर दोन ठोके पडले.

मी दचकून डोळे उघडले. काका उभे होते, खुर्ची मागे पडली होती, आणि त्यांची मूठ टेबलावर होती. माझ्या मागे काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांची आडवं व्हायची वेळ झाली होती. कान ऐकतात, पण हात आपल्या सवयीने चालतात. त्यांची बोटं मेन स्विचवर टेकलेली होती. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना, त्या घरात मीही मुकी झाले होते. काका त्यांच्यापर्यंत पोचले नसते, हाक मारू शकत नव्हते. त्यांनी पुन्हा ठोकलं. दोनदा. नाही.

काकूंचा हात तसाच थांबला. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, एक बोट स्विचवर, मान जरा वळवलेली. मग त्यांनी हात काढला आणि चेहऱ्याला लावला. अगबाई, एवढंच म्हणाल्या. भिंतीला धरून आल्या आणि काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. त्यानंतर कोणी जागचं हललं नाही. मी तर ठिपक्यांवरून नजरच काढली नाही.

ठिपके थांबले. पडदा काळा झाला, आणि बराच वेळ काळाच राहिला. मग डबा उठला. ह्या वेळी वेळेची कुरकुर नाही. कोपऱ्यात तारीख आली ती आजची. आणि मधोमध, कोणी न सांगता, काकांचा प्रोग्रॅम उघडला. तो अर्धवट राहिलेलं वाक्य जपून ठेवायचा. त्या सकाळी काकांनी जे टाइप केलं होतं, आणि भाच्याने दार वाजवल्यामुळे जे बोलायचं राहून गेलं होतं, ते तसंच तिथे होतं. बोला असं लिहिलेलं बटण दाबायचा अवकाश.

मी वाचलं. वाचायला नको होतं, पण समोरच होतं. ‘ठीक आहे. यापुढे तुझ्याशी एक शब्दही बोलणार नाही.’

काकांनीही वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कधी कोणाच्या मध्ये पडत नाही, तेव्हाही पडले नाही. खुर्ची सोडली आणि त्यांना बसू दिलं. त्यांनी एक बोट पुसायच्या बटणावर ठेवलं. ते धरून ठेवलं असतं तर सगळं एकदम गेलं असतं. तसं नाही केलं. एक अक्षर, मग एक अक्षर, मग एक. शेवटून मागे. आधी ‘नाही’ गेलं, मग ‘बोलणार’. काकू ती टकटक कान देऊन ऐकत होत्या. हळूच मला विचारलं, काय करताहेत.

“लिहिताहेत, काकू,” मी म्हणाले.

चौकट रिकामी झाली. काका तिच्याकडे बघत बसले, हात मांडीवर. इतक्या दिवसांचं साचलेलं कुठून सुरू करावं ते सुचत नसावं. शेवटी काकूंनाच राहवलं नाही. त्यांनी विचारलं, “अहो, रागावलात का माझ्यावर?”

काकांनी टाइप केलं. छोटासाच शब्द. बटण दाबलं.

“नाही.”

खोलीत एक माणूस बोलला. जरासा घोगरा, दमलेला, शेवटचं अक्षर थोडं ओढणारा. आणि त्या शब्दाच्या मागे बारीक टिकटिक होती. ते शब्द ह्याच खोलीत वाचले होते ना, दुकानातली सगळी घड्याळं त्यात आलेली. आत्ताची घड्याळं चालत होती आणि त्या आवाजातली तेव्हाचीही. मी ह्या धंद्यात कधी रडले नाही. त्या दिवशी पेटीचे स्क्रू मोजायच्या निमित्ताने मला तोंड फिरवावं लागलं.

काकूंनी हात पुढे केला, टेबलाची कड लागली, मग काकांची बाही लागली, ती धरली.

“पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या.

काकांनी बटण दाबलं. “नाही.”

“तुमचाच आहे,” काकू म्हणाल्या. “मला मेलीला कळलं नाही तेव्हा. तुमचाच आहे हो.”

मी सामान आवरलं. फोन खणात वाजत होता, तो काढला, बंद केला. सफाईवाला प्रोग्रॅम आता ह्या डब्यात नव्हता, आणि ती पेन ड्राइव्ह घरात पुन्हा दिसली तर मला कळवा, असं सांगावं म्हणून मी दारातून मागे वळले. सांगितलं नाही. दारावरच्या मोठ्या घड्याळाने कुठल्या तरी वेळेचे ठोके द्यायला सुरुवात केली होती. काकू बाही धरून तशाच बसल्या होत्या आणि आता काहीही विचारत नव्हत्या. काकांनी ते बटण पुन्हा दाबलं.